पान उचलायची वेळ

पौष लागला की माझी पहाटेची झोप जाते. घरी तंबाखू नाही, शेत नाही, आता नोकरीही नाही. तरी उठून परसात जातो आणि पेरूच्या पानावरून हात फिरवतो. हात ओला झाला की मनात येतं, आज पान उचलता येईल. कुणाचं पान, कुणी उचलायचं, याला काही अर्थ नाही. बायको म्हणते, तुम्हांला म्हातारपण लवकर आलं. मी अजून पन्नाशीच्या आत आहे. तिला मी खरं कारण कधी सांगितलं नाही. पोलिसात होतो एवढं तिला माहीत आहे. निपाणीकडच्या एका गावात सहा महिने मी गडी म्हणून राहिलो होतो, दुसऱ्याच नावानं, हे तिला माहीत नाही.

यंदा ते सगळं वर आलं त्याला एक निमित्त झालं. कोल्हापूरहून बेळगावला येत होतो. लढाई संपली तरी मोटारी अजून कोळशावरच चालताहेत. आमची मोटार धापा टाकत निपाणीला थांबली आणि दोन बायका चढल्या. लुगड्यांना तंबाखूचा वास. मी शिंकलो, तशा त्या हसल्या आणि पुन्हा आपल्या बोलण्याला लागल्या. सुगीला गडी मिळत नाहीत, मिळाले तर टिकत नाहीत, असं काहीतरी चाललं होतं. मग त्यातली थोरली म्हणाली, आमच्या गावात बाळाक्का आहे, ती डोंगराकडचा गडी आला की आधी त्याला जेवायला घालते, मग काम सांगते. का, तर पूर्वी तिच्याकडं एक परशा होता.

"तसला गडी आता मिळत न्हाय बाई," ती म्हणाली. "तिच्या मालकाला धरून नेलं, त्या दिवशी फौजदाराचा मार खाल्ला, आनि तिचं पान उचलून दिल्याबगर हालला न्हाय."

परशा म्हणजे मी. आणि तिच्या मालकाला धरून दिलं तेही मीच. बाळाक्काला हे दुसरं कधी कळलं नाही. बेळगाव येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होतो. छातीत काहीतरी व्हायला हवं होतं. काही झालं नाही. तेव्हाही झालं नव्हतं.

*

मी मूळचा जांबोटीकडचा. आमच्याकडं पाऊस सुरू झाला की चार महिने घराच्या भिंतींना बुरशी, गोठ्यात धूर, अंगावर इरलं. भात, नाचणी, गुरं. तंबाखूचं झाड मी बाविसाव्या वर्षापर्यंत पाहिलेलं नव्हतं. सातवी शिकून पोलिसात लागलो आणि बेळगावच्या लाइनीत कवायत करत होतो, तेव्हा साहेबांनी बोलावून घेतलं. निपाणीच्या खालच्या अंगाला घाटात व्यापाऱ्यांच्या गाड्या लुटल्या जात होत्या. लुटणारे आठदहा जण होते. काम झालं की ते ओढा ओलांडून संस्थानच्या हद्दीत जात. तिथं आमच्या शिपायाला पाय टाकायचा तर आधी कागद लागे, आणि कागद येईपर्यंत माल कुठल्या कुठं जाई. टोळीचा म्होरक्या कोण हे गावोगाव ठाऊक होतं. कोणी सांगत नव्हतं. तिकडचे शिपाई पाठवले तर ते ओळखीचे, कोणी कुणाचा पाहुणा, कोणी कुणाचा मेहुणा. म्हणून डोंगरातला, तोंड कोणी न पाहिलेला माणूस हवा होता. सुगीला आमच्याकडची माणसं कामाला खाली उतरतात, त्यांच्यात मिसळून जा, म्हणाले.

नाव बदलायचं होतं. साहेबांनी सांगितलं, हाक मारली की मान वळली पाहिजे, तेव्हा कानावरचं नाव घे. माझा धाकटा भाऊ परशराम गाठीच्या तापात गेला होता. मी त्याचं नाव घेतलं. तेव्हा मला ते शहाणपणाचं वाटलं.

*

बाळाक्काच्या घरी गडी म्हणून लागलो. तिला मी आक्का म्हणायचो. पहिले आठ दिवस मी ओकत होतो. हिरवा तंबाखू हाताळणाऱ्या नव्या माणसाला तो लागतो. डोकं गरगरतं, तोंडाला पाणी सुटतं, पोटात काही राहत नाही. पानांचा चीक हाताला बसतो, काळा आणि चिकट. धुतला तरी जात नाही आणि भाकरी त्याच हातानं खायची, म्हणून भाकरी कडू. आक्का चिंच कोळून माझ्या तळव्यांवर ओतायची आणि राखेनं घासायला लावायची. मी बांधाला पालथा पडलो की ताकाचा तांब्या शेजारी ठेवून जायची. विचारपूस करत नसे. एकदाच म्हणाली, "पान लागलंय तुला. ते एकदा लागतंय, मग कवाच न्हाय."

ते खरं ठरलं. पुढं मला वास येईनासा झाला. शेतात, घरात, कपड्यांत सगळीकडं तंबाखू, तेव्हा नाकानं दखल घेणंच सोडून दिलं. पुष्कळदा वाटतं, माझं बाकीचंही तेव्हाच तसं झालं असेल.

तिचा मालक मल्लाप्पा. त्याला सगळे आप्पा म्हणत. चाळिशीचा, काटक, एका कानाची पाळी फाटलेली. एवढा तंबाखू पिकवायचा, पण स्वतः ओढत नसे, खात नसे. बैलांशी कानडीत बोलायचा आणि माणसांशी मराठीत. मी कारण विचारलं तर म्हणाला, बैलांना कानडी कळतं, माणसाला काहीच कळत नाही, मग त्याच्याशी काहीही बोललं तरी चालतं. माझ्या भाषेची तो सारखी टर उडवायचा. मी 'भातखाऊ'. आठ दिवस भाकरी खाऊन माझं पोट बिघडलं तेव्हा त्यानं भर शेतात सगळ्या बायकांना ते ऐकवलं.

"तुमच्याकडं पाऊस लई," तो म्हणायचा, "म्हणून तुमचं बोलणंबी वलं. वाळवून बोल रं जरा."

हा टोळीचा म्होरक्या. मला हे पटायला वेळ लागला. माझ्या मनात म्होरक्याचं चित्र वेगळं होतं. हा माणूस दिवसभर शेंडे खुडायचा, वाफ्यात वाकलेला असायचा. बाहेरची माणसं येत, ती बांधावर बसत, शेंगा खात, दोन शब्द बोलून जात. कोणाची गाडी कधी निघणार, कोण बरोबर आहे, हे त्या दोन शब्दांत असे. मग एखाद्या दिवशी आप्पा दुपारीच हातपाय धुवायचा, बैलगाडी जुंपायचा आणि घाटाकडं जायचा. गाडीचा खिळा निघाला असं दाखवून ती रस्त्यात आडवी घालायची, मागून येणारी गाडी थांबली की बाकीचे झुडपातून उतरायचे. दिवेलागणीपर्यंत सगळं आटपलेलं असे. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा वाफ्यात.

गावाला ठाऊक होतं. गाव त्याला भीत होतं असंही नाही. कुणाच्या घरी लग्न निघालं, कुणाचा बैल मेला, की आप्पा काहीतरी करायचा. लोक घेत आणि गप्प बसत. मीही त्याच्याच घरी दोन वेळा जेवत होतो.

दर आठवड्याच्या बाजारी मी निपाणीला जायचो. पानाच्या दुकानाशी एक माणूस यायचा, त्याच्याजवळ चिठ्ठी द्यायची. चिठ्ठीत मी लिहायचो: 'सदर इसम मल्लाप्पा'. आक्काला 'सदर इसमाची बायको' लिहायचो. भाषा आमची ठरलेली होती आणि ती मला फार उपयोगी पडली. त्या भाषेत चिंच कोळून हातावर ओतणारं कोणी नसतं.

*

तंबाखूचं काम ज्यानं केलेलं नाही त्याला एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण माझं सगळं त्याच गोष्टीवर उभं आहे.

झाडं कापून शेतातच आडवी टाकतात. उन्हात ती वाळतात. हिरवं पान पिवळं होतं, पिवळ्याचं तांबूस, आणि मग त्यावर बारीक ठिपके उठतात. असं वाळलेलं पान दिवसा हातात धरायचं नाही. धरलं की चुरा होतो आणि वाऱ्यानं उडून जातो. सालभराची मेहनत बघता बघता भुकटी होते. ते उचलायचं पहाटे, दव पडल्यावर. दवानं पान मऊ होतं, चामड्यासारखं. दुमडलं तरी मोडत नाही. ऊन वर येईपर्यंत जेवढा वेळ मिळेल तेवढाच आपला. त्यात उचलायचं, रचायचं, झाकायचं. दव पडलं नाही तर थांबायचं. आणि थांबताना आभाळ भरून आलं, एक सर पडली, तर माल काळा पडतो.

ढीग रचणं हे जाणत्याचं काम. ओल जास्त राहिली तर आतून तापतो आणि जळतो, कमी राहिली तर मोडतो. आप्पा पान गालाला लावून बघायचा. हातानं कळत नाही, म्हणायचा, हात कामानं मेलेला असतो. बाकी सगळी कामं तो गड्यांना सांगायचा. ढिगाला मात्र कुणाला हात लावू देत नसे. आक्कालासुद्धा नाही. तीन वर्षांमागं तो तापानं पडला असताना भावानं ढीग रचला आणि निम्मा माल जळाला, ते तो अजून सांगत असे.

*

माझ्यावर भरवसा बसला तसा त्यानं मला बरोबर घेतलं. पहिल्यांदा नुसतं ओढ्यापलीकडं गाठोडं पोचवायला. मग घाटात. मला काम दिलं बैल धरायचं. गाडी थांबली की तिच्या बैलांच्या वेसणी धरून उभं राहायचं, म्हणजे ती उधळणार नाहीत.

तिसऱ्या खेपेला एक गाडीवान होता, पन्नाशीचा, डोक्याला लाल पटका. माल त्यानं मुकाट सोडला. पण आमच्यातल्या एकाला बैल आवडले. चांगली खिल्लारी जोडी होती. तो ती सोडायला लागला, तसा गाडीवान माझ्याजवळ येऊन बैलाच्या गळ्याला मिठी मारून उभा राहिला. म्हणाला, माल शेठचा आहे, न्या, बैल माझे आहेत. हे तो ओरडून म्हणाला नाही. आम्हांला ते माहीत नसावं आणि कळलं की सोडू, अशा समजुतीनं म्हणाला. मागून त्या माणसानं काठी घातली. आप्पा पलीकडून कानडीत काहीतरी म्हणत धावत आला तोवर दुसरीही बसली होती.

वेसणी माझ्या हातात होत्या. मी पोलिसाचा माणूस होतो. माझ्या हाताच्या अंतरावर तो पडला आणि मी वेसणी धरून उभा राहिलो, कारण मला तेच काम दिलेलं होतं. साहेबांनी दिलेलं आणि आप्पानं दिलेलं, दोन्ही कामं त्या वेळी एकच झाली होती. बैल थरथरत होते. मी नव्हतो.

गाडीवान दुसऱ्या दिवशी गेला. त्याच्या बायकोला मी पुढं एकदा कचेरीच्या पायरीवर बसलेली पाहिलं. कुणीतरी बोलावलं असेल म्हणून आली होती आणि कुणी बोलावलं ते तिला सांगता येत नव्हतं. आप्पाला धरून देण्यात मी काय चुकलो, असं कुणी विचारलं तर ती बाई मला दिसते आणि माझ्याजवळ उत्तर असतं. तरी ते उत्तर मला पुरत नाही.

गाडीवान गेला त्या संध्याकाळी टोळी पांगली. आप्पा ओढ्यापलीकडं आक्काच्या माहेरी गेला. जाताना घरात आला, पाणी प्यायला, जेवला नाही. मला म्हणाला, "आक्काला एकटी सोडू नको. पानाला हात लावू नका कुणी. मी बगतो." त्या वेळी शेतात सगळं पान वाळून पडलेलं होतं.

*

चार दिवस वारा होता. कोरडा वारा, रात्रंदिवस. दव पडायचं नाव नाही. आक्का रोज पहाटे शेतात जायची, वाकून पानाला बोट लावायची आणि परत यायची. घरात कोणी आप्पाचं नाव काढत नव्हतं. पाचव्या दिवशी सकाळी ईशान्येला ढगाचा एक पट्टा दिसला, आणि दुपारपर्यंत वारा पडला. आक्का अंगणात उभी राहून आभाळ बघत होती. मीही बघत होतो. आम्हां दोघांना एकच गोष्ट कळत होती: उद्या दव पडणार, आणि उद्या उचललं नाही तर पावसात सापडणार.

बाजारचा दिवस होता. मी जायला निघालो तर तिनं मीठ आणायला सांगितलं. त्या दिवशी पानाच्या दुकानाशी फौजदार स्वतः आला होता, साध्या कपड्यात. खून झाल्यापासून वरून तगादा होता. मी त्याला सांगितलं, उद्या पहाटे तो शेतात येईल.

त्यानं माझ्याकडं बघितलं. "निरोप आलाय त्याचा?"

"नाही."

"मग? खून करून पळालेला माणूस तंबाखू उचलायला परत येतो होय?"

"येतो," मी म्हणालो.

एवढंच. बावीसतेवीस वर्षं मी त्या एका शब्दाकडं परत परत जातो. माझ्याजवळ पुरावा नव्हता, कोणी फितूर झालं नव्हतं, चिठ्ठी सापडली नव्हती. तो पान गालाला लावून बघतो, हे मला माहीत होतं. आणि ते त्यानंच मला शिकवलं होतं. टोळीतली कुठलीही गोष्ट मी सरकारला दिली त्याचं मला काही नाही. हे मात्र टोळीतलं नव्हतं.

परतताना मी मीठ घेतलं.

*

दव असं पडलं होतं की बांधावरचं गवत पायांना पाण्यासारखं लागत होतं. आक्का आणि मी अंधूक दिसायला लागलं तसे शेतात आलो. फौजदाराची माणसं कडब्याच्या गंजीमागं होती. ती मला माहीत होती, तिला नाही. मी डोक्याचं मुंडासं काढलं की त्यांनी यायचं असं ठरलं होतं.

आप्पा ओढ्याकडून आला. धोतर मांडीपर्यंत ओलं. एका शब्दानं कुणाची चौकशी केली नाही. वाकला, एक पान उचललं, गालाला लावलं. मग आक्काकडं बघून मान हलवली आणि कामाला लागला. मी झाडं आणून देत होतो, तो रचत होता. बुडखे बाहेर, शेंडे आत, एकावर एक, मधेच थांबून हात आत घालून बघायचा. त्याच्या पाठीवर दवाचं पाणी गळत होतं. एकदा म्हणाला, "भातखाऊ, आता जमायलंय तुला."

मी मुंडासं काढलं नाही. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. मनात एवढंच होतं की ढीग पुरा होऊ दे. ही दया होती असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. आज नीट आठवलं तर दयेसारखं काही आठवत नाही. काम अर्ध्यावर सोडू नये, इतकंच वाटत होतं. पूर्वेला तांबडं फुटलं, गंजीमागं कोणीतरी खोकलं आणि आप्पाचे हात थांबले. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, ओढ्याकडं बघितलं. तेव्हा मी मुंडासं काढलं.

पळाला नाही. पळायला जागा होती. चार माणसांनी त्याला धरलं, हात मागं बांधले आणि बांधावर बसवलं. मग फौजदार माझ्याकडं आला आणि त्यानं मला दोन मुस्कटात लगावल्या. माझं सोंग टिकावं म्हणून ते करायचं ठरलं होतं, पण त्यानं मारलं मनापासून. ओठ फुटला. मला शिवी देऊन म्हणाला, तुझं नंतर बघतो. आक्का मधे आली. परक्या पुरुषाच्या अंगाला कधी हात न लावणारी बाई, तिनं त्याचा हात धरला. म्हणाली, ह्या पोराला काही ठाऊक नाही, डोंगरातला आहे, पोटाला आलाय.

पदरानं तिनं माझं तोंड पुसलं. मग शेताकडं बघितलं. निम्मं पान अजून जमिनीवर होतं.

"परशा," ती म्हणाली, "ऊन व्हायच्या आत एवढं उचलू लाग."

पंचनाम्याचा कागद लिहायचा होता, गाडी यायची होती. फौजदारानं विडी पेटवली आणि बसला. आणि आम्ही पान उचललं. ढीग रचायला आता कोणी नव्हतं, तेव्हा मी रचू लागलो. दोन हात रचला असेल, तसा बांधावरून आप्पाचा आवाज आला.

"खालच्या अंगाचं आदी घे. तितं ऊन लवकर येतंय."

मी खालच्या अंगाचं आधी घेतलं. तो सांगत गेला. दाब. एवढं नको. हात घालून बघ, गरम लागतंय का. त्याचे हात मागं बांधलेले आणि तो मानेनं दाखवत होता. शिपाई गंमत बघितल्यासारखे बघत होते. पुढं पुढं तेही बघेनासे झाले. ढीग झाला, वरून गवत टाकलं, तेव्हा ऊन वर आलं होतं. आप्पा उठला आणि स्वतःच गाडीकडं चालू लागला. माझ्याजवळून जाताना त्यानं ढिगाकडं बघितलं आणि म्हणाला, "बरा झालाय."

दुपारी सर आली. ढीग झाकलेला होता.

*

पुढं मी पंधरा दिवस तिथंच राहिलो. बाकीचे धरायचे होते, माल घेणारा व्यापारी हवा होता, म्हणून साहेबांचा हुकूम होता. आक्का माझ्या ओठाला हळद लावायची. माझ्यासमोर बसून मला जेवायला वाढायची, ताटाकडं बघत, संपलं की घालत. मी तिच्याबद्दल चिठ्ठ्या लिहीत होतो. मग आई आजारी असल्याचं सांगून मी निघालो. तिनं शेंगाची चटणी आणि भाकऱ्या बांधून दिल्या. खटल्यात मला उभं केलं नाही. पुन्हा असल्या कामाला लागेन म्हणून माझं नाव झाकून ठेवलं होतं. टोळीतलाच एक फुटला आणि त्याच्या साक्षीवर सगळं झालं. आप्पाला जन्मठेप लागली. तिसऱ्या वर्षी तुरुंगात खोकल्यानं गेला. ही बातमी मला कागदावरून कळली. मी ती वाचली, कागद फायलीला लावला आणि जेवायला गेलो.

असलं काम मी पुन्हा केलं नाही. साहेबांनी विचारलं तेव्हा प्रकृतीचं कारण सांगितलं. मला बढती मिळाली होती. संसार झाला, मुलींची लग्नं झाली. कुठं काही अडलं नाही. मोटारीत त्या बायकांचं बोलणं ऐकेपर्यंत मला वाटत होतं की ती बाई मला विसरली असेल, किंवा तिला कळलं असेल. या दोन्हींतल्या कशाहीबरोबर मला जगता येत होतं. ती माझं नाव घेऊन लोकांना जेवू घालते, हे मात्र मला सोसेना. सोसेना म्हणतो, पण तो शब्दही खरा नाही. दातात अडकलेल्या तुसासारखं ते होतं. दुखत नव्हतं, पण जीभ तिथंच जात होती. पंधरवड्यानं मी निपाणीची मोटार पकडली.

*

गाव तसंच आहे. ओढ्यावर फरशी झाली आहे. आक्का सोप्यात बसून वाळल्या पानांच्या शिरा काढत होती. केस पांढरे, पाठ वाकलेली, हात मात्र तेच. मी दारात उभा राहून हाक मारली. तिनं वर बघितलं नाही, आवाजावरूनच म्हणाली, "वलं बोलतोस. डोंगराकडचा काय?" मग बघितलं. बराच वेळ बघितलं. सुनेला म्हणाली, परशा आलाय, भाकरी टाक.

मी जेवणाआधी सांगायचं ठरवून गेलो होतो. तिच्याशेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. खरं नाव, पोलिसाचं काम, चिठ्ठ्या, बाजारात फौजदाराला काय म्हणालो ते, मुंडासं. ती शिरा काढत होती. गाडीवानाचं मी सांगायला लागलो तेव्हा तेवढं म्हणाली की ते तिला ठाऊक आहे, त्या बाईला ती तीन वर्षं जोंधळे पाठवत होती.

माझं संपलं. आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"आजच का सांगितलास?" ती म्हणाली.

मी म्हणालो, आक्का, ओझं झालंय.

"व्हय," ती म्हणाली. "तुला झालंय." तिनं हातातलं पान खाली ठेवलं. आवाज चढला नव्हता. "त्या सालातलं माझं सगळं गेलं रं. मालक गेला, त्याचं नाव गेलं, माहेर तुटलं. एक माणूस तेवढं चांगलं म्हणून मी धरून बसलोवतो. तेबी घिऊन चाललास."

क्षमा मागायची म्हणून मी काही वाक्यं तयार केली होती, ती माझ्या खिशात असल्यासारखी मला आठवत होती, पण ती काढली नाहीत.

सुनेनं ताट आणून ठेवलं. उठून जावं असं वाटलं. आक्का म्हणाली, "जेव. अन्नावरून उठू नको माझ्या घरात." आणि ती उठली, पाटी कमरेवर घेतली आणि मागल्या दारानं शेताकडं निघून गेली. सून माझ्याकडं आणि दाराकडं बघत राहिली. तिला काय झालं ते कळलं नव्हतं.

समोर कोणी बसलेलं नव्हतं. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. भूक लागली होती.